जास्वंद : गळणाऱ्या कळ्या, पिवळी पानं आणि लाल न होणारं तेल

जास्वंदीबद्दलचे प्रश्न बरेच साठले होते, म्हणून या वेळचं सदर तिलाच दिलं आहे. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. उत्तरात नुसतं 'जास्वंद' म्हटलं असेल तिथे कुंडीत आणि कुंपणाला सर्रास दिसणारी हिबिस्कस रोझा-सायनेन्सिस समजावी.

प्रश्न : कळ्या भरपूर धरतात, पण बोराएवढ्या झाल्या की पिवळ्या पडून गळतात. फुलांचं खत दर पंधरा दिवसांनी देतो. काय कमी पडतंय?

खत तूर्त बंद करा आणि आज गळालेली एक कळी ब्लेडने उभी चिरून बघा. आत काय दिसतं त्यावर पुढचं सगळं ठरेल.

आत तांदळाच्या कणीहूनही बारीक, पांढुरक्या अळ्या असतील आणि त्या टुणकन उडत असतील, तर ही कळीमाशी. डासापेक्षाही लहान असलेली ही माशी कोवळ्या कळीच्या टोकात अंडी घालते. अळी आतल्या आत कळी खाते, कळी गळते, अळी बाहेर येऊन मातीत शिरते आणि तिथे कोषात जाते. हा फेरा तीन ते चार आठवड्यांचा असतो. अळी कळीच्या पोटात आणि कोष मातीत, म्हणून पानांवर कितीही फवारलं तरी तिला धक्का लागत नाही. उपाय कंटाळवाणा आहे, पण लागू पडतो. गळालेल्या आणि झाडावर पिवळ्या पडू लागलेल्या कळ्या रोज गोळा करून प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधायच्या आणि दोन दिवस उन्हात ठेवून टाकून द्यायच्या. कंपोस्टच्या पिंपात त्या मुळीच जाऊ द्यायच्या नाहीत, कारण तिथे अळ्यांना कोषात जायला आयती जागा मिळते. हे किमान चार आठवडे सलग करावं लागतं. एक दिवसाआड केलं तर फेरा तुटत नाही. उपद्रव फारच असेल तर महिनाभर झाडावरची प्रत्येक कळी लहान असतानाच खुडा. जिवावर येतं, पण माशीला अंडी घालायला जागाच उरत नाही.

अळ्या नसतील, पण पाकळ्यांच्या कडा करपलेल्या आणि आत पिवळसर किंवा काळे, सुताच्या तुकड्यासारखे एक मिलिमीटरचे किडे धावत असतील, तर ते फुलकिडे. निळे चिकट सापळे झाडाच्या उंचीवर लावा. कळ्यांवर निंबोळी तेल 5 मिली प्रतिलिटर (थोड्या साबणाच्या पाण्यात आधी घोटून) संध्याकाळी फवारा आणि सात दिवसांच्या अंतराने तीनदा करा.

कळी आतून अगदी स्वच्छ असेल तर दोष किडीचा नाही, मुळांचा किंवा हवेचा आहे. जास्वंदीच्या फुलाच्या देठावर, कळीच्या थोडं खाली, एक सांधा असतो. झाडाला ताण पडला की ते त्या सांध्याशी कळी सोडून देतं. पान वाचवण्याआधी झाड कळीचा त्याग करतं. अडचण अशी की ताण आज पडतो आणि कळी दोन-तीन दिवसांनी गळते, त्यामुळे आपण कारण शोधतो ते भलत्याच दिवसात. परवा दुपारी कुंडी कोरडी पडून पानं मलूल झाली होती का, कुंडीची जागा बदलली होती का, खताचा डोस जड झाला होता का, हे आठवा. उन्हाळ्यात पारा 35 अंशांच्या वर गेला की बऱ्याच जाती, त्यातही दुहेरी पाकळ्यांच्या, कळ्या टाकतात. तिथे दुपारच्या वेळेपुरती 30 ते 50 टक्के सावलीची जाळी आणि मातीवर दोन इंच पालापाचोळ्याचं आच्छादन यापलीकडे काही करता येत नाही. बाजारातलं 'कळी गळ थांबवणारं' संजीवक अळी असलेल्या कळीवर मारून काही होणार नाही, हे उघड आहे.

प्रश्न : पानं पिवळी पडताहेत. लोह कमी आहे म्हणून फेरस सल्फेट टाकलं, फरक नाही.

कोणतं पान पिवळं पडतंय ते सांगितलेलं नाही, आणि इथे तोच मुख्य मुद्दा आहे.

शेंड्याची कोवळी पानं पिवळी आणि शिरा मात्र ठळक हिरव्या, हे लोहाच्या कमतरतेचं चित्र. लोह झाडात एका जागेवरून दुसरीकडे सहज हलत नाही, म्हणून नव्या पानांना तुटवडा पडतो. मॅग्नेशियमचं उलट. ते जुन्या पानांतून काढून नव्यांना दिलं जातं, म्हणून खालची पानं शिरांच्या मधल्या भागात पिवळी होतात आणि देठाकडचा भाग बराच काळ हिरवा राहतो. खालची पानं सरसकट, शिरांसकट पिवळी होऊन गळत असतील तर नत्र कमी आहे किंवा, कुंडीत बहुतेक वेळा, पाणी जास्त आहे.

लोहाची खूण दिसली तरी मातीत लोह नाहीच असं समजू नका. जास्वंदीला मातीचा 6 ते 6.8 सामू (पीएच) मानवतो. बोअरच्या कठीण पाण्याने कुंडीतली माती हळूहळू विम्ल (अल्कधर्मी) होत जाते. सामू 7.5 च्या पुढे गेला की मातीत असलेलं लोहही मुळांना घेता येत नाही. त्यात वरून टाकलेलं फेरस सल्फेट काही दिवसांत गंजासारखं घट्ट होऊन बसतं. तुमच्याकडे हेच झालं असावं. ताबडतोब रंग यायला हवा असेल तर पानांवर फवारा. एक लिटर पाण्यात आधी 1 ग्रॅम सायट्रिक आम्ल, मग 5 ग्रॅम फेरस सल्फेट. हा क्रम उलटा केला तर द्रावण तांबूस होतं, आणि तांबूस झालेलं द्रावण फेकून द्यावं. दहा दिवसांनी पुन्हा. मातीतून द्यायचं तर चिलेट स्वरूपातलं (सेंद्रिय रेणूने धरून ठेवलेलं) लोह घ्या, पण डब्यावरचं नाव वाचून. ईडीटीए चिलेट आम्लधर्मी मातीत चालतं, विम्ल मातीत टिकत नाही. तिथे ईडीडीएचए लागतं. ते महाग असतं आणि त्याने पाणी गडद लाल होतं, घाबरू नका.

मॅग्नेशियमसाठी एप्सम मीठ 10 ग्रॅम प्रतिलिटर, पंधरा दिवसांच्या अंतराने दोन फवारण्या.

आणि हे सगळं करण्याआधी बोट दोन इंच मातीत खुपसा. आत चिकट ओल आणि कुबट वास असेल तर कुंडीच्या तळाची भोकं बुजली आहेत. अशा कुंडीत कोणतंही खत घालणं म्हणजे कुजणाऱ्या मुळांवर मीठ चोळणं. रोप कुंडीतून उपसून बघा. पांढरी, ताठ मुळं ठेवा, तपकिरी आणि सोललेल्या दोरीसारखी हाताला येणारी कापून टाका. नव्या भुसभुशीत मिश्रणात लावताना वरच्या फांद्याही तेवढ्याच प्रमाणात कमी करा.

पानांवर पिवळसर बारीक ठिपके आणि खालच्या बाजूला कोळ्याचं पुसट जाळं दिसलं तर तो लाल कोळी. कोरड्या, उष्ण हवेतला हा पाहुणा पाण्याला भितो. तीन दिवसांआड पानांच्या खालून पाण्याचा जोरदार फवारा मारला तरी बहुतेक वेळा पुरतं.

प्रश्न : बोनमील आणि 0:52:34 दिल्याने फुलं वाढतात ना? आम्ही वर्षभर देतोय, झाड उलट खुरटलं.

खताच्या नावातले तीन आकडे म्हणजे नत्र, स्फुरद (फॉस्फरस) आणि पालाश (पोटॅश) यांचं प्रमाण. फूल म्हणजे फॉस्फरस हे समीकरण जास्वंदीला लागू करू नका. तिला पालाश भरपूर, नत्र मध्यम आणि स्फुरद अगदी थोडं लागतं. स्फुरद पाण्याबरोबर फारसं वाहून जात नाही, कुंडीत साठत राहतं, आणि साठलं की लोह आणि जस्त यांच्या शोषणात अडथळा आणतं. मग पानं लहान, फिकट, पेरं आखूड. तुमचं झाड खुरटण्याचं हे अगदी शक्य असलेलं कारण आहे. 0:52:34 जास्वंदीच्या कपाटातून काढूनच टाका.

12 इंची कुंडीला महिन्यातून एकदा दोन मुठी (सुमारे 100 ग्रॅम) गांडूळखत आणि 30 ग्रॅम निंबोळी पेंड, माती वरवर हलवून. शिवाय वाढीच्या दिवसांत दर दहा-पंधरा दिवसांनी 13:0:45 हे विद्राव्य खत 1 ग्रॅम प्रतिलिटर करून कुंडीला एक लिटर द्या. आधी साधं पाणी घालून माती ओली करा, मग खताचं पाणी. कोरड्या मातीत खताचं पाणी गेलं की मुळांची टोकं भाजतात आणि पानांच्या कडा करपतात. पालाशाचा भडिमार मात्र करू नका, तो मॅग्नेशियमच्या आड येतो. रात्री पारा 10–12 अंशांवर उतरू लागला की वाढ थांबते. तेव्हा खत पूर्ण बंद.

वर्षभर साठलेले खताचे क्षार धुवून काढायला कुंडीच्या मापाच्या दुप्पट साधं पाणी हळूहळू आरपार जाऊ द्या आणि महिन्याने पुन्हा करा. राख आधीच विम्ल मातीत टाकू नये. केळीची साल पुरून पालाश मिळतो, पण कुजल्यावर, आणि तोवर मुंग्या व चिलटं येतात. ती कंपोस्टमध्येच बरी.

प्रश्न : शेंड्यावर कापसासारखं पांढरं, पानं चुरगळून गुच्छ झालेला. फवारून फवारून थकलो, परत येतं.

हा गुलाबी पिठ्या ढेकूण. रस शोषताना तो लाळेतून विषारी द्रव्य सोडतो, त्यामुळे शेंडा वेडावाकडा होतो, पेरं आक्रसतात आणि कोबीच्या गड्ड्यासारखा गुच्छ तयार होतो. त्या गुच्छाच्या घड्यांत औषध पोहोचतच नाही. म्हणून पहिलं काम फवारणीचं नाही, कात्रीचं. बिघडलेल्या भागाच्या खाली चार-सहा इंचांवर निरोगी डोळ्यापर्यंत कापा, तुकडे पिशवीत बांधा, कात्री पुसा. चुरगळलेलं पान पुन्हा सरळ होत नाही, त्याची वाट पाहू नका.

नंतर पाण्याच्या जोरदार धारेने फांद्यांची बेचकी धुवा. उरलेल्या ठिपक्यांना 70 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेला कापूस लावा. एक-दोन झाडं असतील तर एवढ्यावरच निभावतं. फवारायचंच तर 5 ग्रॅम मऊ साबण अर्धा कप कोमट पाण्यात विरघळवून त्यात 5 मिली निंबोळी तेल दुधाळ होईपर्यंत घोटा आणि मग एक लिटरपर्यंत पाणी वाढवा. तेल थेट पाण्यात ओतलं तर ते वर तरंगतं. पंपातून आधी नुसतं पाणी आणि शेवटी नुसतं तेल बाहेर पडतं, आणि त्या शेवटच्या झाडाची पानं जळतात. कडक उन्हात फवारू नका. दर सहा दिवसांनी, चार वेळा. मादीची अंडी मेणचट कापसाच्या पिशवीत असतात आणि आठवड्याभरात फुटतात. एकदाच फवारलं तर मोठे मरतात आणि पुढच्या आठवड्यात पिल्लं हजर. 'परत येतं' म्हणता ते परत येत नाही, ते गेलेलंच नसतं.

मुंग्या चढत असतील तर त्यांचा बंदोबस्त आधी. पिठ्याच्या अंगातून पाझरणाऱ्या गोड चिकट द्रवासाठी मुंग्या त्याचं रक्षण करतात आणि त्याचे शत्रू हाकलतात. कुंडी विटेवर ठेवून ती वीट पाण्याच्या थाळीत ठेवा. फांदी भिंतीला टेकत असेल तर तोही पूल तोडा.

एक सावधगिरी. पांढऱ्या मेणाच्या झिरमिळ्या असलेला, पिठ्यापेक्षा बराच मोठा, सेंटिमीटरभर लांबीचा आणि चांगला तुरुतुरु चालणारा किडा दिसला तर त्याला मारू नका. ती क्रिप्टोलीमस या भुंगेऱ्याची अळी आहे. पिठ्याचंच सोंग घेऊन पिठ्या खाते.

मॅलाथिऑनने जास्वंदीची पानं गळतात, तेव्हा ते टाळा. इमिडाक्लोप्रिडसारखं आंतरप्रवाही औषध मातीतून दिलं की ते फुलातल्या मधातही उतरतं आणि मधमाश्यांना घातक ठरतं. पानं-फुलं केसांना किंवा पोटात घेणार असाल तर ते कुंडीत घालूच नये. जवळपास भेंडी, कापूस, अंबाडी असेल तर तीही तपासा. जास्वंद याच कुळातली, आणि किडी तिथून इथे ये-जा करतात.

शेंड्यावर कापूस नाही, पण पानं वरच्या बाजूला वळलेली, शिरा जाड आणि पानाच्या पाठीवर शिरांना इवलीशी पानासारखी वाढ, असं असेल तर तो पांढऱ्या माशीने आणलेला विषाणू आहे. त्याला औषध नाही. झाड काढा आणि त्याच्या कलमा कुणाला देऊ नका.

प्रश्न : छाटणी किती आणि केव्हा?

फूल नव्या फुटीवर येतं, जुन्या लाकडावर नाही. न छाटलेलं झाड वर्षानुवर्षं लांबच लांब फांद्यांच्या टोकाला दोन फुलं धरत राहतं ते त्यामुळेच. थंडी ओसरून नवी फूट निघू लागेल तेव्हा प्रत्येक फांदीचा एक तृतीयांश भाग कापा. बाहेरच्या बाजूला तोंड असलेल्या डोळ्याच्या पाव इंच वर, तिरका छेद घ्या. फुलं पुन्हा यायला आठ ते बारा आठवडे जातात. एवढा खंड नको असेल तर निम्म्या फांद्या आज आणि उरलेल्या महिन्याने. थंडीच्या तोंडावर छाटू नका, कोवळी फूट गारठते. एका झाडावरून दुसऱ्याकडे जाताना कात्री स्पिरिटने पुसा. जास्वंदीवर पिवळी कडी पाडणारा एक विषाणू पात्यावरच्या रसातूनच पसरतो.

प्रश्न : साध्या लाल जास्वंदीची फांदी खोचली तरी लागते, पण मोठ्या रंगीत फुलांच्या संकरित जातीच्या फांद्या प्रत्येक वेळी कुजतात.

साधी लाल चिवट असते. संकरित जाती मोठ्या फुलांसाठी निवडत नेल्या, मुळांसाठी नाही. त्यांच्या कलमात एकेक गोष्ट काटेकोर करावी लागते.

फांदी फार कोवळी नको आणि राखाडी सालीची जूनही नको. हिरवट-तपकिरी, पेन्सिलीच्या जाडीची घ्या. त्यावर कळ्या असतील तर खुडा. तुकडा 12–15 सेंटिमीटर लांब ठेवा, खालचा छेद डोळ्याच्या लगेच खाली धारदार ब्लेडने घ्या. बोथट कात्रीने साल चेंगरते आणि कूज तिथूनच सुरू होते. वरची दोन पानं ठेवा, तीही निम्मी कापून. खालच्या दोन सेंटिमीटरला आयबीए असलेली मुळांची पावडर लावून जादाची झटका. पावडर जास्त झाली तर मुळं फुटत नाहीत, बुडखा फुगून काळा पडतो.

माध्यम म्हणून निम्मं कोकोपीट आणि निम्मी धुतलेली जाड वाळू किंवा पर्लाइट. शेणखत किंवा गांडूळखत अजिबात नको, कारण मुळं नसलेल्या फांदीला खाण्याचा उपयोग नसतो, बुरशीला मात्र असतो. बहुतेकांच्या फांद्या कुजतात त्या इथेच. कोकोपीट मुठीत दाबल्यावर एखाद-दुसरा थेंब पडावा, इतकीच ओल. काडीने भोक पाडून फांदी ठेवा, भोवती दाबा, वर पारदर्शक पिशवी घाला आणि उजेड असलेल्या सावलीत ठेवा. थेट ऊन नको, पिशवीची भट्टी होते. दोन-तीन दिवसांनी पिशवी काढून पाच मिनिटं हवा द्या.

दहा-बारा दिवसांत नवं पान फुटलं म्हणून फांदी लागली असं समजू नका. ते फांदीतल्या साठ्यावर फुटलेलं असतं. ओढून पाहण्याचा मोह टाळा. मुळं यायला चार ते सहा आठवडे, काही जातींना आठ. कुंडीच्या तळाच्या भोकातून पांढरं मूळ दिसलं की मग पिशवी आठवडाभरात टप्प्याटप्प्याने काढा.

एवढं करूनही एखादी जात दाद देत नसेल तर गुटी कलम करा. पेन्सिलीपेक्षा थोड्या जाड फांदीवर 2 ते 2.5 सेंटिमीटर रुंदीची सालीची पूर्ण कडी काढा आणि उघड्या लाकडावरचा बुळबुळीत थर ब्लेडच्या पाठीने खरवडा. तो राहिला तर साल परत जुळते आणि मुळं येत नाहीत. वरच्या कडेला पावडर लावून पिळलेलं स्फॅग्नम मॉस मूठभर गुंडाळा, प्लास्टिकने दोन्ही टोकांना घट्ट बांधा. आतून पांढरी मुळं सर्व बाजूंनी दिसू लागली की कापा. लावल्यावर दोन आठवडे सावलीत. अगदीच हट्टी जाती चिवट लाल जास्वंदीच्या खुंटावर पाचर कलमाने घेतात. त्यात खुंटावरून फुटणारी फूट सतत मोडावी लागते, नाहीतर दोन वर्षांनी कुंडीत फक्त लाल जास्वंद उरते.

प्रश्न : आमच्या जास्वंदीची कळी कधी उमलतच नाही, लाल मिरचीसारखी लोंबते आणि तशीच सुकते. कोणता रोग?

रोग नाही, ती मिरची जास्वंद आहे. माल्व्हाव्हिस्कस ही वेगळीच प्रजाती. तिच्या पाकळ्या एकमेकींत गुंडाळलेल्याच राहतात. औषधं थांबवा.

प्रश्न : आणलं तेव्हा फूटभर उंचीचं, कळ्यांनी लगडलेलं रोप होतं. सहा महिन्यांत उंच, किडकिडीत झालं आणि फुलं कमी. फसवणूक झाली का?

व्यापारी तत्त्वावर वाढवलेल्या कुंडीतल्या जास्वंदीला वाढ रोखणारं संजीवक, बहुधा क्लोरमेक्वाट किंवा पॅक्लोब्युट्राझोल, दिलेलं असतं. त्याने पेरं आखूड राहतात आणि झाड ठेंगणं, गच्च दिसतं. काही महिन्यांत त्याचा अंमल उतरतो आणि झाड आपल्या मूळ चालीने वाढू लागतं. ही त्याची खरी उंची. छाटणी आणि किमान सहा तास थेट ऊन दिलंत तर फुलं परत येतील. मात्र रोप सावलीतून एकदम उन्हात नेऊ नका, पानांवर पांढरट भाजलेले डाग पडतात. आठ-दहा दिवसांत हळूहळू न्या. आणल्या दिवशी मोठ्या कुंडीत हलवण्याची घाईही नको, आणि हलवाल तेव्हा दोनच इंच मोठी कुंडी घ्या. मुळं पोहोचली नाहीत तिथली माती ओलीच राहून आंबते.

प्रश्न : फुलं तेलात उकळली तरी तेल लाल होत नाही, हिरवट होतं. शिवाय महिन्याभरात बुरशी आली.

लाल होणारच नाही. पाकळ्यांचा लाल रंग अँथोसायनिनचा, आणि तो पाण्यात विरघळतो, तेलात नाही. हिरवेपणा आला तो पानांतल्या आणि हिरव्या पाकळीतळातल्या हरितद्रव्यामुळे, ते तेलात उतरतं. लालभडक 'जास्वंद तेल' दिसलं तर तो रंग वेगळा घातलेला आहे असं खुशाल समजा.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. जास्वंदीत केसांना मऊपणा देतो तो तिचा बुळबुळीत चिकट द्रव, आणि तोही पाण्यातच सुटतो. त्यामुळे तिचा खरा उपयोग तेलापेक्षा धुण्याच्या पाण्यात आहे. पंधरा-वीस पानं आणि चार-पाच फुलं (परागाची दांडी काढून) एक पेला कोमट पाण्यात अर्धा तास भिजवा, हाताने कुस्करा, पातळ फडक्यातून गाळा. ओल्या केसांना लावून दहा मिनिटांनी धुवा. न गाळता लावलं तर पानांचा चोथा केसांतून निघता निघत नाही. हे पाणी त्याच दिवशी संपवावं.

तेल करायचंच असेल तर फुलं सावलीत चार-पाच दिवस कुरकुरीत होईपर्यंत वाळवा. बुरशी आणि खवट वास ताज्या फुलांतल्या पाण्यामुळे येतो. 250 मिली तेलात पंधरा वाळलेली फुलं, अगदी मंद आचेवर, बुडबुडे थांबेपर्यंत. धूर येऊ देऊ नका. गार झाल्यावर गाळून कोरड्या बाटलीत भरा. केस नव्याने उगवतील का, असंही काहींनी विचारलं आहे. पानांच्या अर्काचे प्रयोग उंदरांवर झाले आहेत, पण तेवढ्यावरून टकलावर केस येतील असं सांगणं प्रामाणिकपणाचं नाही.

प्रश्न : जास्वंदीचा लाल, आंबट चहा घरच्या फुलांपासून का होत नाही?

कारण तो या जास्वंदीचा नाहीच. तो लाल अंबाडीचा, म्हणजे हिबिस्कस सबदारिफा हिचा, आणि तोही पाकळ्यांचा नव्हे. पाकळ्या गळल्यावर बोंडाभोवतीचा जो मांसल लाल पुष्पकोश फुगतो, तो वाळवतात. त्यातल्या आम्लांमुळे चहा आंबट लागतो. घरच्या लाल जास्वंदीच्या पाकळ्यांचा काढा जांभळट आणि जवळजवळ बेचव होतो. लिंबू पिळलं की मात्र लाल होतो.

लाल अंबाडी वर्षायू आहे. दिवस लहान होऊ लागले की फुलते, म्हणून उशिरा पेरली तर झाड वाढण्याआधीच फुलावर येतं आणि बोंडं थोडी मिळतात. रोपांत तीन फूट अंतर, भरपूर ऊन. फूल पडल्यावर साधारण तीन आठवड्यांनी, बोंड वाळून टणक होण्याआधी, कोश कापून आतलं बी काढा. वाळलेला कोश कपाला चिमूटभर (दीड-दोन ग्रॅम), पाच मिनिटं. हा चहा रक्तदाब थोडा उतरवतो. रक्तदाबाची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारूनच रोज घ्यावा. गरोदरपणात दोन्हींपैकी कोणतीच जास्वंद पोटात घेऊ नये. साध्या जास्वंदीच्या फुलांच्या अर्काने प्राण्यांत गर्भ रुजायला अडथळा येतो असं प्रयोगांत दिसलं आहे.

प्रश्न : शाळेच्या प्रयोगासाठी जास्वंदीचा दर्शक कसा करायचा?

पाच-सहा गडद लाल फुलांच्या पाकळ्या 100 मिली उकळत्या पाण्यात दहा मिनिटं ठेवून गाळा. आम्लात हा अर्क गडद गुलाबी होतो, आम्लारीत हिरवा. फिक्या फुलांचा अर्क नीट रंग दाखवत नाही. पट्ट्यांसाठी गाळणकागद दोनदा बुडवून सावलीत वाळवा, कारण उन्हात रंग विटतो. अर्क दोन-तीन दिवसांत आंबतो आणि मग स्वतःच आम्लधर्मी होऊन चुकीचं उत्तर देतो. प्रयोगाच्या दिवशी ताजाच करा.

प्रश्न : तोडलेलं फूल पाण्यात ठेवलं तरी संध्याकाळी मिटतं. टिकवायचा काही उपाय?

साधारण जातींचं फूल झाडावरही एकच दिवसाचं असतं, पाण्यात ठेवा किंवा कोरडं ठेवा, फरक पडत नाही. रात्रीच्या वेळी फूल हवं असेल तर पहाटे पूर्ण उमलताच तोडून डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवा आणि आयत्या वेळी बाहेर काढा. बाहेर आल्यावर दोन-चार तास तरतरीत राहतं. डब्यात पिकलेलं केळं किंवा सफरचंद मात्र शेजारी नको, त्यातून सुटणाऱ्या एथिलीन वायूने फूल आतच मिटतं.